पृथ्वीवर कोणकोणाचे राज्य झाले?
सोलापूरच्या काळ्या खडकावरून एक पाठ

सोलापूर जिल्ह्यात कोठेही विहीर खणावयास घेतली म्हणजे प्रथम काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम लागतो, मुरुमाखाली मांजऱ्या लागतो आणि त्याच्याही खाली काळा पाषाण लागतो. तेथून पुढे सुरुंगावाचून काम चालत नाही. खणणारे लोक हे थर ओळखतात व पाणी कोठे लागेल ह्याचा अदमास त्यांवरून बांधतात. परंतु हा काळा पाषाण येथे आला कोठून, तो येण्यापूर्वी ह्या भूमीवर कोण राहत होते, आणि तो आल्यावर त्यांचे काय झाले, हे प्रश्न आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच मनात आणिले असतील. ह्या पाठात त्यांचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस एक बोलणे वारंवार ऐकावे लागते, ते असे की, "बळी तो कान पिळी हा सृष्टीचाच नियम आहे, मोठ्याने लहानास खावे हेच जगात पहिल्यापासून चालत आले आहे, मग दुबळ्यांनी कुरकुर का करावी?" जो हे बोलतो तो बहुधा स्वतः बळी असतो, आणि ज्यास हे ऐकविले जाते त्याच्यापाशी उत्तर नसते. तर मग सृष्टीचा नियम खरोखर काय आहे हे सृष्टीसच विचारावे. तिची बखर खडकांत लिहिलेली आहे, आणि गेल्या दोनशे वर्षांत विद्वान लोकांनी ती बरीचशी वाचून काढिली आहे.

१. काळाचे माप

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे असे शास्त्रज्ञांनी ठरविले आहे. हा आकडा ऐकून मनात काहीच उभे राहत नाही. म्हणून आपण आगगाडीचे माप घेऊ. मुंबईहून सोलापूर लोहमार्गाने ४५५ किलोमीटर आहे. पृथ्वी मुंबईच्या स्थानकात जन्मली आणि आजचा दिवस सोलापूरच्या फलाटावर आहे असे समजा. मग एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षे, एक मीटर म्हणजे दहा हजार वर्षे, आणि एक सेंटिमीटर म्हणजे एक शतक होय.

आता ही गाडी सुटली. कर्जत येईपर्यंत, म्हणजे पहिल्या शंभर किलोमीटरांत, जिवाची खातरीलायक खूण बहुतेक कोठेच दिसत नाही. कर्जत व खंडाळ्याचा घाट ह्यांच्या दरम्यान, आजपासून सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी, जीव आहे अशी स्पष्ट खूण मिळते. परंतु डोळ्यांस दिसेल असे नाना प्रकारचे प्राणी पाहावयाचे तर पुणे, दौंड, कुर्डुवाडी, माढा ही सर्व स्थानके मागे टाकावी लागतात. मोहोळ मागे पडल्यावर डायनोसॉर येतात आणि बाळ्याच्या आसपास, सोलापूर साडेसहा किलोमीटरांवर राहिले असता, ते नाहीसे होतात. आपल्यासारखा मनुष्य गाडीत चढतो तो सोलापूरच्या फलाटापासून अवघ्या तीस मीटरांवर. शेतीचा आरंभ शेवटच्या एक-सव्वा मीटरात झाला. ख्रिस्तजन्मापासूनचा काळ वीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत, होतो. आणि १८७७ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या जुन्या गिरणीपासून आजपर्यंतचा काळ अवघा दीड सेंटिमीटर. हे माप वाचकांनी पुढील सर्व पाठात मनात वागवावे.

२. अदृश्यांचे राज्य

ह्या लांब प्रवासातील फार मोठ्या भागात पृथ्वीवर राज्य होते ते डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवाणूंचे. त्यांस मुख नाही, हातपाय नाहीत. एक एक जीव म्हणजे केवळ एक सूक्ष्म पेशी. असे असूनही पृथ्वीचा चेहरामोहरा जितका ह्यांनी पालटला तितका दुसऱ्या कोणी क्वचितच पालटला असेल. आरंभी हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. उथळ पाण्यात राहणाऱ्या निळसर-हिरव्या जीवाणूंनी सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करण्याची विद्या साधिली, आणि त्या कामात प्राणवायू बाहेर पडू लागला. पुष्कळ काळपर्यंत समुद्रातील लोखंड तो वायू शोषून गंजत राहिले. पुढे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. आज आपण जो श्वास घेतो तो ह्या क्षुद्र जीवांच्या कमाईवर होय. उलटपक्षी, ज्या जीवाणूंस प्राणवायू विषासारखा होता त्यांस चिखलात, खोल पाण्यात व भूमीच्या पोटात दडी मारावी लागली. एकाच्या उद्योगाने दुसऱ्याचे राज्य गेले, असे झालेले हे पहिले मोठे स्थित्यंतर होय.

ह्या जीवाणूंनी थरावर थर चढवून बांधिलेली घुमटासारखी दगडी घडण आपल्या देशात पाहावयास मिळते. उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यात सलखन येथे ती उघड्यावर आहे, आणि आपल्या दक्षिणेस विजापूर ओलांडून बागलकोटाकडे गेल्यास तेथील जुन्या चुनखडीतही तिच्या खुणा आहेत.

जीवाणूंचे राज्य संपले असे मात्र कोणी समजू नये. दुधास विरजण लावितो तेव्हा काम करितात ते हेच. गाय कडबा खाते, पण तो कडबा पचवितात ते तिच्या पोटातील सूक्ष्म जीवच. तुरीचे किंवा हरभऱ्याचे झाड उपटून पाहा. मुळांवर ज्या बारीक गाठी दिसतात त्यांत राहणारे जीवाणू हवेतील नत्रवायू धरून रोपास खत पुरवितात. पृथ्वीवरील सर्व प्राण्यांचे वजन एका पारड्यात व सर्व जीवाणूंचे दुसऱ्या पारड्यात घातले, तर जीवाणूंचे पारडे कित्येक पटींनी जड होईल. ज्यांचे कोणी नावही घेत नाही त्यांच्यावाचून कोणाचेच चालत नाही, ही गोष्ट पहिल्याच प्रकरणात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३. समुद्र, मग किनारा, मग भूमी

सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून समुद्रात नाना आकारांचे प्राणी फार झपाट्याने वाढलेले दिसतात. त्यांत ट्रायलोबाइट नावाचे, पाठीवर खवल्यांचे कवच असलेले, किड्यासारखे प्राणी पुष्कळ होते. हिमालयात स्पिती खोऱ्यात, आज जेथे बर्फ पडते तेथे, त्यांचे पाषाणीभूत अवशेष सापडतात. ह्यावरून तो उंच प्रदेश एकदा समुद्राचा तळ होता हे कळते. हे प्राणी पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ टिकले, आणि आज त्यांतला एकही जिवंत नाही.

त्यांच्यामागून समुद्रात माशांचा अंमल आला. इकडे भूमीवर प्रथम शेवाळासारख्या वनस्पती चढल्या, मग कीटक चढले, आणि सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी माशांच्या एका जातीपासून, ज्यांच्या परांत हाडे बळकट झाली होती, चार पायांचे प्राणी निघाले. ते बेडकाप्रमाणे पाण्यात अंडी घालीत व भूमीवर फिरत. अशा एका उभयचर प्राण्याची चापट कवटी नागपुराच्या दक्षिणेस मांगली येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांस सापडली, आणि लंडनचे प्रसिद्ध विद्वान रिचर्ड ओवेन ह्यांनी १८५५ च्या सुमारास तिचे वर्णन छापिले.

हिस्लॉप साहेबांविषयी येथे दोन शब्द लिहिणे योग्य होईल. ते १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालविणे व गावोगाव फिरून उपदेश करणे हे त्यांचे नित्याचे काम. परंतु चालता चालता त्यांची दृष्टी दगडांवर असे. रेव्हरंड हंटर ह्या सोबत्यासह त्यांनी नागपूरजवळील टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेले शिंपले, फळे व बिया शोधून काढिल्या आणि त्यांवर निबंध लिहिले. १८६३ साली एक शाळा पाहून रात्री परतत असता ओढ्यास आलेल्या पुरात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने चालत आहे. उपदेशाचे काम व दगडांचा अभ्यास ही एकमेकांची शत्रू नव्हेत, हे दाखविण्यास त्यांचा आयुष्यक्रम पुरेसा आहे.

४. कोळशाची अरण्ये आणि मोठा संहार

बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी येथील खाणींतून जो दगडी कोळसा निघतो तो २५ कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचा आहे. त्या अरण्यांत ग्लोसॉप्टेरिस नावाचे झाड मुख्य होते; त्याचे जिभेच्या आकाराचे पान खाणीजवळच्या दगडांवर छापल्यासारखे उमटलेले आढळते. हेच पान आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण ध्रुवाच्या खंडातही सापडते. कप्तान स्कॉट व त्यांचे सोबती १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना उपासमारीने व थंडीने मेले. त्यांच्या प्रेतांजवळ सुमारे सोळा किलो दगड निघाले, त्यांत ह्या झाडाचे अवशेष होते. मरणाच्या दारीही त्यांनी ते ओझे टाकिले नव्हते. एवढ्या दूर दूरच्या देशांत एकच झाड कसे? कारण तेव्हा हे सर्व देश एकमेकांस जोडलेले होते, आणि आपला हिंदुस्थान त्या दक्षिणेकडील महाखंडाचा एक तुकडा होता.

हे वैभव सुमारे २५ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वी लयास गेले. सायबेरियात भूमीस भेगा पडून फार मोठा शिलारस वाहिला; त्याबरोबर निघालेल्या वायूंनी हवा तापली, समुद्र तापला व आंबट झाला, आणि समुद्रातील दर दहा जातींपैकी आठ-नऊ जाती नष्ट झाल्या. ट्रायलोबाइटांचे जे थोडे वंशज उरले होते तेही तेव्हाच गेले. ग्लोसॉप्टेरिसची अरण्ये गेली. ह्याहून मोठा संहार पृथ्वीच्या बखरीत दुसरा नोंदलेला नाही. उरले कोण? लिस्ट्रोसॉरस नावाचा, डुकराएवढा, बिळे करणारा व मिळेल तो पाला खाणारा एक साधा प्राणी उरला आणि पुढे काही काळ भूमीवर सर्वत्र पसरला. त्याची हाडे बंगालमध्ये राणीगंजाकडे, दक्षिण आफ्रिकेत आणि दक्षिण ध्रुवखंडातही मिळाली आहेत.

५. महाकाय प्राण्यांचा काळ

ह्या ओसाड झालेल्या जगात सरपटणाऱ्यांच्या वर्गातून डायनोसॉर निघाले, आणि त्यांचा वंश सुमारे साडेसोळा कोटी वर्षे टिकला. आपल्या मनुष्यजातीचा आजवरचा काळ तीन लक्ष वर्षे धरिला, तर तो त्यांच्या काळाच्या साडेपाचशेवा हिस्सा होतो. तेव्हा त्यांस कोणी मूर्ख किंवा नालायक प्राणी म्हणून हसू नये.

आपल्या राज्याच्या पूर्व टोकास, सिरोंच्याच्या बाजूस, गोदावरी व प्राणहिता ह्यांच्या खोऱ्यांत एका अति मोठ्या शाकाहारी डायनोसॉराची हाडे सापडली. कवी रवींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास ती उकरली गेली. एकेका पायाचे हाड प्रचंड, म्हणून त्याचे नाव बारापासॉरस टागोराय असे ठेविले. "बारा पा" म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा केलेला आहे. आता मौज ही की, त्याच कोटा गावच्या थरांत उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे बारीक दातही सापडले. म्हणजे ज्या वर्गात पुढे हत्ती, बैल व मनुष्य व्हावयाचे होते तो वर्ग तेव्हाही होताच. परंतु मोठ्यांच्या पायाखाली, आडोशास व रात्रीच्या अंधारात तो आपले दिवस काढीत होता. असे त्याने दहा कोटी वर्षांहून अधिक काळ काढिले.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तेथेही हिस्लॉप साहेबांस मोठी हाडे व पाषाण झालेल्या लेंड्या मिळाल्या होत्या. त्या लेंड्या फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर २००५ साली शास्त्रज्ञांनी एक नवल जाहीर केले: त्यांत गवताचे कण होते, आणि एक नव्हे तर अनेक जातींच्या गवतांचे, त्यांत भाताच्या वंशाजवळचेही. तोवर गवत डायनोसॉरांच्या मागून आले असे समजत असत. पिसदुऱ्याच्या लेंडीने सिद्ध केले की गवतही त्या मोठ्यांच्या काळी होतेच, पण एका कोपऱ्यात. ह्या गवताची गोष्ट पुढे महत्त्वाची होणार आहे.

६. आमच्या खडकाचा जन्म

आता आपली गाडी बाळ्याजवळ आली. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनची भूमी फाटली. उंच शिखराच्या ज्वालामुखीतून नव्हे, तर जमिनीच्या लांबच लांब भेगांतून शिलारस निघाला व पाण्याच्या लोंढ्याप्रमाणे पसरत गेला. एक लोंढा थिजला की काही काळ शांतता. त्या काळात ऊन, वारा व पाऊस खाऊन वरचा भाग तांबड्या मातीचा होई, तळी साचत, शिंपले व बेडूक राहावयास येत, झाडे उगवत. आणि मग दुसरा लोंढा येऊन सर्व झाकून टाकी. विहिरीच्या किंवा घाटाच्या कडेस दोन काळ्या थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो तो अशा विसाव्याचा साक्षी होय. टाकळीची फळे आणि मुंबईत वरळी येथे सापडलेले पाषाणीभूत बारीक बेडूक अशाच दोन लोंढ्यांच्या मधल्या काळातील आहेत.

आज ह्या खडकाने सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश झाकिला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी एक किलोमीटरहून पुष्कळ अधिक भरते. पूर्वेकडे ती कमी होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या शेजारी किल्लारीस शास्त्रज्ञांनी जे खोल भोक पाडिले त्यात हा खडक तीनशे मीटरांहून अधिक जाड लागला, आणि त्याखाली त्याहून फार जुना ग्रॅनाइट लागला. आमची काळी माती ह्याच खडकाची झीज होऊन झाली आहे.

त्याच सुमारास दुसरेही संकट आले. सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा एक पाषाण आकाशातून आजच्या मेक्सिको देशात चिक्शुलूब येथे आदळला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहिलेल्यांस अशा आघाताची कल्पना येईल. तेही आकाशातून पडलेल्या पाषाणाने झालेले विवर आहे. लोणारची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, चिक्शुलूबची सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे शंभरपट. त्या आघाताने उडालेल्या धुळीने व काजळीने सूर्य झाकला, झाडे वाळली, झाडांवर जगणारे मेले आणि त्यांच्यावर जगणारेही मेले. लुइस व वॉल्टर अल्वारेझ ह्या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली खडकांतील इरिडियम नावाच्या दुर्मिळ धातूवरून ही गोष्ट प्रथम मांडिली. मुख्य घाव ह्या पाषाणाचाच होता असे आज बहुतेक विद्वान मानितात. दख्खनच्या शिलारसाने व त्याच्या वायूंनी जग आधीच किती दुबळे करून ठेविले होते ह्याविषयी त्यांच्यात वाद चालू आहे.

निकाल मात्र स्पष्ट आहे. पंख असलेली एक शाखा सोडून सर्व डायनोसॉर गेले. ती शाखा म्हणजे पक्षी. आपल्या अंगणात दाणे टिपणारी कोंबडी त्या महाकाय घराण्याची वारस आहे.

७. सस्तन प्राणी आणि गवत

मोठे गेल्यावर आडोशास राहिलेले बाहेर आले. पुढे सस्तन प्राणी मांजराएवढे, मग कुत्र्याएवढे, मग बैलाएवढे झाले. कोणी पाण्यात परतले: काश्मीर व कच्छ येथील जीवाश्मांवरून कळते की देवमाशाचे पूर्वज चार पायांनी भूमीवर चालत असत. कोणी झाडांवर चढले, कोणी आकाशात वटवाघूळ झाले.

आणि तो कोपऱ्यातला गवताचा वंश? पृथ्वी हळूहळू थंड व कोरडी झाली, अरण्ये आक्रसली, आणि गेल्या एक कोटी वर्षांत गवताने माळच्या माळ व्यापिले. झाडाचा शेंडा खुडला तर त्याची वाढ खुंटते. गवताचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून गुरांनी खाल्ले, वणव्याने जाळले, तरी ते पुन्हा फुटते. नम्रपणे खाली राहणे हेच त्याचे बळ. ज्वारी, गहू, तांदूळ, ऊस ही सर्व गवतेच होत. गवताबरोबर हरिण, घोडा, हत्ती व रानबैल वाढले. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या जुन्या गाळात हत्तीची व पाणघोड्याची हाडे मिळाली आहेत. जळगाव जिल्ह्यात पाटणे येथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्याची टरफले व त्यांचे केलेले मणी सापडले. महाराष्ट्रात पाणघोडे डुंबत होते व शहामृग धावत होते, आणि मणी ओवणारा मनुष्य त्यांस पाहत होता.

८. मनुष्याचे राज्य

मनुष्याचा अंमल बळाने आला नाही. त्याची नखे बोथट, दात लहान, पळण्याचा वेग कुत्र्याहूनही कमी. त्याचा अंमल आला तो बोलण्याने, अग्नीने व एकमेकांस साहाय्य करण्याने. भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव येथे सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी वसलेले शेतकऱ्यांचे गाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी उकरून काढिले आहे. तेथे घरे, चुली, धान्याचे कणगे व पाटाचे पाणी होते. फलाटापासून एका हाताहूनही कमी अंतरावरची ही गोष्ट आहे.

त्या एका हातात काय झाले पाहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणे पृथ्वीवरील सर्व सस्तन प्राण्यांच्या वजनाचे १०० भाग केले, तर ३६ भाग मनुष्याचे, ६० भाग त्याच्या गुराढोरांचे, आणि हत्तीपासून उंदरापर्यंत व देवमाशासह सर्व रानटी प्राण्यांचे मिळून केवळ ४ भाग. पक्ष्यांत १०० पैकी ७० भाग पाळीव कोंबड्यांचे. असे एकाच जातीने सर्व जगाचे पारडे झुकविलेले पृथ्वीच्या इतक्या लांब प्रवासात क्वचितच झाले आहे. आणि तरी वनस्पतींच्या वजनापुढे मनुष्य नखाएवढाही नाही.

ह्याचा अर्थ आमच्या जिल्ह्यात काय होतो? सोलापुराजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. प्रथम त्याचा विस्तार आठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक होता, पुढे तो बराच कमी करण्यात आला. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अति जड पक्ष्यांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. आता साऱ्या हिंदुस्थानात हे पक्षी दीडशेच्या आत उरले आहेत व त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजच्या माळावर तो दिसला तर बातमी होते. त्याचा नाश कोणा एका दुष्टाने केला नाही. माळ नांगरला गेला, उसास पाणी आले, विजेच्या तारा ओढल्या गेल्या, कुत्री वाढली; आणि सरकारी दप्तरात गवताच्या माळास "पडीक" म्हणण्याची रीत पडली. ज्यास आपण पडीक म्हणतो ते काळवीट, लांडगा व माळढोक ह्यांचे भरलेले घर असते, आणि गरिबाच्या शेळीचे गायरानही तेच असते.

९. ह्या बखरीचे तात्पर्य

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. बळी तो कान पिळी हा सृष्टीचा नियम आहे काय? मोठा लहानास खातो, हे खरे. परंतु खाणे म्हणजे टिकणे नव्हे. खडकांची साक्ष तीन गोष्टी सांगते. पहिली ही की, ज्यांचे राज्य झाले त्यांतील बहुतेकांचे राज्य त्यांच्याहून बळकट शत्रूने घेतले नाही. हवा पालटली, समुद्र तापला, आकाशातून घाव आला, आणि ज्या व्यवस्थेवर ते फुगले होते तीच मोडली. दुसरी ही की, संकटातून बहुधा थोडक्यात भागविणारे, अनेक प्रकारचे अन्न चालणारे व आडोशास राहणारे तरले. तिसरी ही की, मोठ्यांचे सर्व वैभव नेहमी अदृश्य व क्षुद्र अशा जीवांच्या कष्टावर उभे असते. तेव्हा आपल्या अन्यायास सृष्टीचा दाखला देणाऱ्यास आमच्या बंधूंनी निर्भयपणे सांगावे की, दाखला तुमच्या बाजूचा नाही.

कोणी विचारील की, इतक्या कोटी वर्षांची गणना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाशी कशी जुळावी? त्यास आम्ही इतकेच म्हणतो की, तो अध्याय सृष्टी कोणाची आहे हे शिकवितो. तिच्या वयाचे कोष्टक देणे हा त्याचा हेतू नव्हे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन ह्यांनीही ते दिवस आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखे समजू नयेत असे मत मांडिले होते, आणि तेव्हा भूगर्भशास्त्राचा जन्मही झाला नव्हता.

मनुष्यात व पूर्वीच्या सर्व राजांत एक भेद मात्र आहे. ग्लोसॉप्टेरिसला ठाऊक नव्हते की सायबेरियात भूमी फाटत आहे. डायनोसॉरास आकाशातील पाषाणाची खबर नव्हती. आपणांस खबर आहे. आपण वाचू शकतो, मोजू शकतो, आणि हात आवरू शकतो. कोळसा जाळून हवा तापविणारे आपणच आहोत, आणि समुद्र तापल्यावर काय होते हे मागील पानांवर लिहिलेले आहे हेही जाणणारे आपणच आहोत. ज्यास कळते त्यास जाब द्यावा लागतो.

खेड्यातील एका कुटुंबाने जग तारावे असे कोणी म्हणत नाही. परंतु गावाचे गायरान राखणे, उन्हाळ्यात माळ न पेटविणे, जमिनीवर घरटे दिसल्यास कुत्री दूर ठेवणे, ज्वारीबरोबर तूर-हरभरा पेरून मातीतील त्या अदृश्य सेवकांस काम देणे, आणि मुलांस विहिरीच्या कडेस नेऊन थर दाखविणे, इतके तर आपल्या हातचे आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. मुंबई ते सोलापूर ह्या मापाने डायनोसॉर कोठे नाहीसे झाले व मनुष्य कोठे आला?
२. हवेत प्राणवायू कोणी भरला? जीवाणू आज आपल्या घरात व शेतात कोणते काम करितात?
३. दोन काळ्या थरांमधला तांबडा पट्टा कशाची खूण आहे? आपल्या गावच्या कोणत्या विहिरीत तो दिसतो?
४. गवताचे बळ कशात आहे? आपण खातो त्यांपैकी गवते कोणती?
५. "बळी तो कान पिळी हा सृष्टीचा नियम आहे," असे कोणी म्हटल्यास ह्या पाठातील कोणत्या तीन गोष्टी सांगाल?
६. आपल्या गावात "पडीक" म्हणून नोंदलेली जमीन कोणती? तेथे कोणकोण राहते, हे पुढील आठवड्यापर्यंत पाहून यावे.